फुगलेली वेळ

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात डोंबिवलीतल्या एका घरात दोन गोष्टी फुगतात. एक, न्हाणीघराचं दार. दुसरी, दिवाणखान्यातल्या घड्याळाची चाकं. दाराचं कुणाला फारसं वाटत नाही. खांदा लावायचा, ढकलायचं, आत कुणी असेल तर जीभ चावून मागे फिरायचं. घड्याळाला मात्र खांदा देता येत नाही. घरातल्यांची तशी कितीही मनापासून इच्छा असली तरी.

घड्याळाची चाकं फुगतात ही छपाईची चूक नव्हे. ती लाकडाची आहेत. घड्याळाचं खोकं लाकडाचं असतं हे सगळ्यांनाच माहीत असतं, पण इथे आतली दातेरी चाकंही लाकडाची. चाकं चेरीच्या झाडाची आणि ती ज्या फळ्यांत बसवली आहेत त्या ओकच्या. पितळ म्हणाल तर लंबकाला ठेक्याठेक्याला धक्का देणारं एक चाक, तेवढंच. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात १८३० च्या आसपास जन्मलेलं हे घड्याळ डोंबिवली पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर, भर आषाढात काय करतंय, हा प्रश्न मामींनी पहिल्याच दिवशी विचारला होता. उत्तर अजून यायचं आहे.

मामा म्हणजे अख्ख्या सोसायटीचे मामा. ३४ वर्षं बँकेत नोकरी झाली आणि ती सगळी वर्षं त्यांनी सकाळची एकच लोकल एकाच डब्यात, एकाच दांडीला धरून केली. लोकल दोन मिनिटं उशिरा आली तर मामांना अपराध्यासारखं वाटे. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं आणि भिंतीवर लावायला सुरुवात केली.

सुरुवात आजोळच्या वाड्यातल्या अनसोनियाने झाली. जुन्या मराठी घरांत पाहुण्यांना चहाआधी दाखवायचं जे टोल्यांचं घड्याळ असे, ते बरेचदा अनसोनिया, सेथ थॉमस किंवा मग जपानी सैकोशा. आजोबा त्याला दर रविवारी किल्ली देत, आणि किल्ली कुठे ठेवतात हे आजीलाही ठाऊक नसे. यांतली अनसोनिया कंपनी अमेरिकेत १८५० साली एका पितळेच्या व्यापाऱ्याने काढली. पितळ खपवायचं तर पितळेचं काहीतरी विकलं पाहिजे, असा त्याचा साधा हिशोब. १९२९ साली कंपनीची यंत्रसामग्री सोविएत रशियाने विकत घेतली. भांडवलदारांची वेळ अशी कामगारांच्या हाती गेली, असं मामा सांगतात आणि हसण्यासाठी थांबतात. कोणी हसत नाही.

एका अनसोनियाची पुढे सात घड्याळं झाली. दुपारी मामांच्या घरात बारा वाजायला नऊ मिनिटं लागतात. सैकोशा घाईत असतं, सेथ थॉमस आधी घसा साफ केल्यासारखं खरखरतं, मग वाजतं. मामींचं म्हणणं असं की बाकीच्या बायकांना नवऱ्याची कटकट असते, त्यांना कटकट आणि टिकटिक दोन्ही आहेत.

इथवर सगळं ठीक होतं. रोग बळावला तो मामांनी एली टेरीविषयी वाचलं तेव्हा.

टेरी हा मामांना आता चुलतभावासारखा आहे. तो १७७२ साली कनेटिकटमध्ये जन्मला. तोवर घड्याळ म्हणजे माणसाहून उंच कपाट असे, आणि घड्याळजी ते एकेक करून, महिनोन् महिने कानस चालवून बनवी. टेरीने एकदम दोनशे घड्याळांचं सामान कापायला घेतलं, तेव्हा शेजारपाजाऱ्यांनी त्याला वेड्यात काढलं. एवढी घड्याळं पुरी करायला हा जगायचा नाही, आणि जगलाच तर ती खपायची नाहीत! (ही हकिकत त्याच्या हाताखाली काम केलेल्या चॉन्सी जेरोमने १८६० साली आपल्या पुस्तकात लिहून ठेवली आहे. वेड्यात काढणाऱ्यांची नोंद इतिहासात राहते, यावरून आपल्या सोसायटीतल्या काहींनी बोध घ्यावा, असं मामा जिन्यात मोठ्याने म्हणतात.) मग टेरीने पोर्टर नावाच्या दोघांशी करार केला: तीन वर्षांत ४००० घड्याळांची यंत्रं, नगाला ४ डॉलर. पहिलं वर्ष यंत्रं बनवणारी यंत्रं उभी करण्यातच गेलं, पण पाण्यावर चालणाऱ्या करवतींनी पुढे सगळा माल मुदतीत काढला. पितळ महाग आणि झाडं फुकटात, म्हणून चाकं लाकडाची. नंतर त्याने हे यंत्र आणखी आटोपशीर करून फळीवर मावेल असं घड्याळ काढलं आणि १८१६ साली त्याचं पेटंट घेतलं.

एवढं सगळं मामा कुणालाही सांगतात. गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या मुलाने ते खांद्यावर सिलिंडर तसंच ठेवून ऐकलं. पेटंटच्या सालापर्यंत आल्यावर त्याने विचारलं, "काका, खाली ठेवू का?"

ही घड्याळं घरोघर पोचवली ती फेरीवाल्यांनी. नोव्हा स्कोशियातले न्यायाधीश हॅलिबर्टन यांनी १८३६ साली अशाच एका फेरीवाल्याला, सॅम स्लिकला, पुस्तकात अमर करून ठेवलं. त्याची युक्ती अशी: घड्याळ विकायचंच नाही. ते दुसऱ्या कुणाला कबूल केलंय म्हणायचं, आणि 'परत येईपर्यंत तेवढं सांभाळा' म्हणून शेतकऱ्याच्या घरी चालू करून निघून जायचं. घराला टोल्यांची सवय लागली की ते परत द्यायला बायकोच तयार होत नाही. मामींनी हे ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "त्या बाईचा पत्ता असेल तर द्या."

तर असं एक घड्याळ आपल्याकडे हवं, हा ध्यास. मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटवर तीन शुक्रवार घालवले. "लकडी का मशीन?" दुकानदार म्हणाला, "सेठ, लकडी का टेबल ले जाओ." तो उद्धटपणे म्हणाला नव्हता. त्याच्याकडे तशी घड्याळं नव्हती, आणि नसण्याला कारणही भक्कम होतं. ते कारण मामांना तेव्हाच कळलं असतं तर पुढचं महाभारत टळलं असतं. पण मामांना ते कळलेलं होतं! जेरोमच्या त्याच पुस्तकात होतं. लाकडी यंत्रांची घड्याळं समुद्रापार धाडता येत नसत, कारण बोटीवरच्या दमट हवेने चाकं फुगत. म्हणून तर जेरोमने पितळी पत्र्याच्या स्वस्त यंत्राचं घड्याळ काढलं, आणि ते जगभर गेलं. आपल्या वाड्यांत पोचली ती पितळी. लाकडी बिचारी जिथे जन्मली तिथेच राहिली. मामांनी हे पान वाचलं, पेन्सिलीने खूण केली आणि ते आपल्याला लागू नाही असं ठरवलं. मधुमेही माणूस पेढ्याच्या डब्यावरचा मजकूर असाच वाचतो.

मामांचा भाचा न्यू जर्सीत असतो. मामांनी त्याला कामाला लावलं. भाच्याने एका जुन्या सामानाच्या लिलावातून घड्याळ मिळवलं आणि दिवाळीला येताना बॅगेतून आणलं. दोन फुटांहून उंच खोकं, दोन लोखंडी वजनं, आणि उरलेल्या जागेत त्याच्या स्वतःच्या आईसाठी आणलेले बदाम, ते विमानतळावर वजन जास्त झाल्यावर काढून टाकावे लागले. आईने हे मामांना अजून माफ केलेलं नाही. बहीणभावात बदाम आला.

मुंबईत कस्टमच्या साहेबांनी बॅग उघडायला लावली.

"हे काय?"

"घड्याळ."

"आत मशीन कुठंय?"

"हेच मशीन."

"हे लाकूड आहे."

"हो."

"किंमत किती?"

भाच्याने खरी किंमत सांगितली. साहेबांनी एकदा घड्याळाकडे, एकदा भाच्याकडे पाहिलं आणि सहानुभूतीने बॅगेची चेन स्वतः लावून दिली.

मामांना या प्रसंगात फार मोठा ऐतिहासिक योग दिसला. कारण १८४२ साली जेरोमने आपली पितळी घड्याळं इंग्लंडला पाठवली, तेव्हा तिथल्या कस्टमचा किमतीवर विश्वास बसला नव्हता. इतकं स्वस्त घड्याळ असूच शकत नाही, हा कर चुकवायला किंमत कमी दाखवतोय, असं ठरवून त्यांनी नियमाप्रमाणे दाखवलेली किंमत अधिक दहा टक्के देऊन अख्खा माल सरकारजमा केला. जेरोमला आणखी काय हवं? बसल्या जागी रोखीने गिऱ्हाईक! त्याने दुसरी खेप धाडली. तीही त्यांनी घेतली. तिसऱ्या खेपेला साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि माल मुकाट्याने सोडला. "आपलं पण जप्त केलं असतं तर?" मामींनी विचारलं. त्या स्वरात जी आशा होती, ती मामांना ऐकू आली नाही.

नोव्हेंबर ते मे घड्याळ उत्तम चाललं. उत्तम म्हणजे रोज किल्ली द्यावी लागे, कारण ते ३० तासांचं आहे. एक दिवस गावाला जायची सोय उरली नाही. लग्नाला गेलं तरी जेवून परत. शिवाय ते जिथे ठेवलंय ती फळी दोरीत असावी लागते. खोकं जरा कललं की टिक आणि टॉक यांच्यात अंतर पडतं, लंगड्या माणसाने जिना चढावा तसं, आणि मग ते थांबतं. मामांनी खोक्याच्या डाव्या पायाखाली एसटीचं तिकीट दुमडून घातलं. ते पुरलं नाही, तेव्हा लग्नपत्रिकेचा तुकडा. आता तिथे तीन लग्नं आणि एक मुंज आहे.

टोल्यांचं प्रकरण वेगळंच. काटे किती दाखवताहेत याच्याशी टोल्यांना देणंघेणं नसतं. ते आपल्या स्वतंत्र चाकावर एकामागून एक आकडा मोजत जातात. कुणी काटे मागे-पुढे केले की दोघांची फारकत. एका दुपारी नातवाने काटा फिरवला आणि चार वाजता अकरा पडले. दुरुस्ती म्हणजे टोल्यांची तार उचलून उरलेले आकडे वाजवून घ्यायचे: बारा, एक, दोन, तीन, चार. एकूण २२. आधीचे ११ धरून ३३. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी फोन केला. "मामा, आमच्याकडे बाळ आत्ताच झोपलं होतं हो." मामांनी त्यांना समजावलं की हे घड्याळ अर्ध्या तासाचा टोला देत नाही, त्यामुळे दिवसाला १५६ च टोले होतात, अनसोनिया १८० देतं. काकूंनी आभार मानले नाहीत.

मेअखेरीस हवा दमट होऊ लागली आणि घड्याळ मागे पडू लागलं. एका रविवारी रेडिओच्या वेळेशी ताडून पाहिलं तर बरोबर ३९ मिनिटं मागे. दुसरा कुणी खचला असता. मामांनी टाळी वाजवली. कारण ३९ मिनिटं मागे म्हणजे मुंबई वेळ! १ जानेवारी १९०६ पासून देशाला एक प्रमाणवेळ मिळाली, पण मुंबईने ती मनावर घेतली नाही. महापालिकेची घड्याळं पुढे कित्येक वर्षं जुनी मुंबई वेळच दाखवत राहिली, म्हणजे प्रमाणवेळेहून ३९ मिनिटं कमी. त्याआधी तर रेल्वे मद्रासच्या वेळेवर चाले आणि गाव मुंबईच्या. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी ठाण्याला पहिली गाडी सुटली, ती कुणाच्या घड्याळाने, हा मामांचा आवडता वाद आहे. "आपलं घड्याळ बिघडलेलं नाही, ते जुन्या वेळेला धरून आहे," त्यांनी जाहीर केलं. पुढच्या रविवारी ते चार तास मागे होतं. ती कुठली वेळ, हे मामा अजून शोधत आहेत.

११ जूनला पाऊस आला. न्हाणीघराचं दार अडकलं, मामी आत अडकल्या, मामा दाराला खांदा लावत असतानाच दिवाणखान्यातली टिकटिक थांबली. मामांनी दार सोडलं आणि तिकडे धावले. या निर्णयाचे पडसाद गौरीगणपतीपर्यंत उमटत राहिले. घड्याळ पाच वाजून दहा मिनिटांवर थांबलं होतं.

लाकूड उभ्या रेषांच्या दिशेने वाढत नाही, आडवं वाढतं. त्यामुळे पावसाळ्यात गोल चाक किंचित लांबट होतं, दाते एकमेकांत रुततात आणि सगळं यंत्र दातखीळ बसल्यासारखं गप्प होतं. तेवढ्यात काही झटापट झाली असावी. एका चाकाचे दोन दाते तुटलेले निघाले. मामा ते चाक रुमालात गुंडाळून कल्याणला गेले. घड्याळजीने भिंग लावून चाक पाहिलं, भिंग काढून मामांना पाहिलं, आणि सुताराचा पत्ता दिला.

वखारीतल्या मिस्त्रींनी चाक उलटसुलट केलं. "कसलं लाकूड?"

"चेरी."

"केकवरची?"

"झाड असतं."

"सागवान लावून देतो. काय होत नाही. फेविकॉल मारला की विषय संपला."

मामांच्या छातीत कळ आली. जुन्या घड्याळात फेविकॉल म्हणजे पाप. पुढच्या पिढीला जोड उकलता आला पाहिजे, म्हणून सरसच वापरायचा असतो. "सरसच पाहिजे," मामा म्हणाले. मिस्त्री म्हणाले, "सरसच होईल काम, काळजी करू नका." आणि फेविकॉल मारला. वर मायेने म्हणाले, "बाकीची चाकं पण आणा, रंधा फिरवून देतो. दारं देतो तशी."

परतताना मामा खाडीकाठच्या दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी थोडा वेळ उभे राहिले. शिवाजी महाराजांनी आरमाराला सुरुवात केली ती याच खाडीत. गलबताच्या फळ्या पाण्याने फुगल्या की फटी आपोआप बुजतात आणि गलबत जास्तच चांगलं तरंगतं. तेच लाकूड, तीच फूग. आपण गलबतं का जमवली नाहीत, असा विचार मामांच्या मनात येऊन गेला. मामींना तो कळलेला नाही. कृपया कळवू नये.

वाचक म्हणतील, लेखक दुसऱ्याच्या घड्याळावर फारच मजेत दिसतो. खुलासा करणं भाग आहे. प्रस्तुत लेखक ठाण्यात, नौपाड्यात राहतो आणि त्याच्याही भिंतीवर एक अनसोनिया आहे. मामांच्या नादाने, एका जुन्या बाजारातून, घासाघीस करून आणलेलं. घासाघीस इतकी यशस्वी झाली की विक्रेत्याने चहा पाजला. तिथेच शंका यायला हवी होती. मामांनी ते उघडलं आणि डॉक्टर एक्स-रे बघतात तसे बराच वेळ काही बोलले नाहीत.

"हे लग्न आहे," शेवटी म्हणाले.

"म्हणजे?"

"एकाचं खोकं, दुसऱ्याचं यंत्र. संग्राहक त्याला लग्नच म्हणतात."

पुढे तपासात वधूवरांखेरीज बरीच वऱ्हाडी मंडळी निघाली. लंबक जपानी, काटे तिसऱ्याच घरचे, तबकडीवरचं 'अनसोनिया' गेल्या दोन-चार वर्षांत छापलेलं, तेही एक अक्षर गाळून. प्रस्तुत लेखकाने हे घड्याळ दोन वर्षं पाहुण्यांना 'आमच्या पणजोबांचं' म्हणून दाखवलं होतं. तसं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. नव्या रंगीत तबकड्या चढवलेल्या जुन्या मनगटी घड्याळांना जगभरचे शौकीन 'मुंबई स्पेशल' म्हणतात. या शहराचं नाव कुठे ना कुठे निघतंच. आणि खरं सांगायचं तर ते लग्न टिकलंय. दिवसाला सहा मिनिटं पुढे जातं, पण चालतं. मामांचं अस्सल आहे आणि बंद आहे. हा फरक प्रस्तुत लेखक आठवड्यातून एकदा फोन करून विचारपूस करण्याच्या निमित्ताने काढतो.

मामांच्या घड्याळाच्या आत मागच्या फळीवर छापील कागद आहे. जुन्या घड्याळाची जन्मपत्रिका तीच. तो कागद शाबूत असेल तर किंमत वाढते. त्यावर कारखानदाराने हमी दिलेली आहे, पण घड्याळ नीट वापरलं तर. पावसाचा उल्लेख नाही. मामांनी घड्याळाभोवती तांदळाच्या पुरचुंड्या ठेवून पाहिल्या, त्यांना किडे झाले. साठ वॅटचा दिवा आत सोडला, खोक्याला वास यायला लागला. मामींच्या सासूबाई ९१ वर्षांच्या. "बंद घड्याळ घरात ठेवू नये," त्या रोज म्हणत. मामांनी यावर तोड काढली: घड्याळ बंद नाही, विश्रांती घेतंय. चातुर्मास आहे.

पाहुणे येत. सगळे एकच प्रश्न विचारत, "चालू आहे का?" सुरुवातीला मामा टेरीपासून सुरुवात करत. मग नुसते चाकं दाखवत. गणपतीत ते "चहा घ्या" एवढंच म्हणू लागले.

पण एक नेम त्यांनी सोडला नाही. रोज रात्री दहा वाजता झोपण्याआधी ते घड्याळाचं दार उघडत, वजनं तपासत, आणि लंबकाला बोटाने हलकेच झोका देत. लंबक पाच-सात झोके घेई, मग थांबे. दार लावून मामा झोपायला जात. जून गेला, श्रावण गेला, पितृपक्षही गेला.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस गेला आणि उकाडा सुरू झाला. न्हाणीघराचं दार एका बोटाने लागू लागलं. त्या रात्री मामांनी नेहमीप्रमाणे झोका दिला, दार लावलं आणि जाऊन झोपले. मागे वळून पाहिलं नाही.

पावणेअकराच्या सुमारास सगळीकडे निजानीज झाली होती. थोड्याच वेळात दिवाणखान्यातून सहा टोले पडले. स्वच्छ, ठणठणीत. मामी सवयीने उठल्या, गॅसवर चहाचं आधण ठेवलं, पिशवी घेतली आणि दूध घ्यायला दार उघडलं. समोरच्या दारात वहिनी पिशवी घेऊन उभ्या होत्या. खालून जिन्यात काकूंच्या चपलांचा आवाज येत होता.

"आज दूधवाला अजून आला नाही," वहिनी म्हणाल्या.

"अंधार किती आहे बघा ना," मामी म्हणाल्या.

आतून मामांचा आवाज आला. ते पायजम्यावर, घड्याळासमोर, चष्मा शोधत उभे होते.

"ऐकलंत का? सहा! मोजून सहा!"